तहानलेली काजळी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमच्या अंकात निवृत्त माणसं लिहितात. कोणी स्टेशनमास्तर, कोणी हेडनर्स. माझा अजून एकही केस पिकलेला नाही. त्या म्हणाल्या, "निवृत्त माणसं फार आवरून लिहितात. तू न आवरता लिही."

न आवरता लिहिणं मला जमतं. ते घरातलंच आहे. बाबा रायपूरजवळच्या उरल्यात एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते आणि संध्याकाळी कामगारांची पत्रकं लिहीत. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. माझा पहिला निबंध गायीवर होता. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं: 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे, तिच्या मागण्या त्वरित मान्य करा!' शाळेतल्या बाईंनी लाल शाईने विचारलं, कोणत्या मागण्या? मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "हे गायीले विचारलं पाहिजे होतं."

मी बीरगावात राहते आणि उरल्यातल्या एका लहान कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक लहानशी भट्टी, एक नाजूक तराजू आणि एक पंखा. पंखा लावला की तराजू हलतो, म्हणून पंखा बंद. रायपूरच्या मे महिन्यात हे वाक्य वाचणाऱ्यांनी माझ्यासाठी थोडं हळहळावं.

आम्ही कार्बाइड बनवतो. हे म्हटलं की लोक आंबे पिकवायच्या पुडीकडे जातात. ते वेगळं. आमचं कार्बाइड टंगस्टन नावाच्या जड धातूचं. बोअर मारणाऱ्या यंत्राच्या टोकाला जे करडे दाणे असतात, लाकूड कापायच्या चकतीच्या दातांवर जे तुकडे डाख देऊन बसवलेले असतात, पाथरवटाच्या छिन्नीला जे टोक असतं, ते आमचं. त्याला सगळे 'टिप' म्हणतात. खालचं लोखंड झिजतं, टिप टिकते.

करायची रीत सांगायला सोपी आहे. टंगस्टनची राखाडी पूड घ्यायची, तिच्यात काजळी मिसळायची आणि लोखंड वितळायला येईल इतक्या उष्णतेत भट्टीत ठेवायची. धातू काजळी खातो आणि दोघांचं मिळून कार्बाइड होतं. मग ते चिकटून राहावं म्हणून थोडा कोबाल्ट घालायचा, साच्यात दाबून टिप पाडायची आणि पुन्हा भट्टी. शंभर किलो कार्बाइडमध्ये काजळी असते साधारण सहा किलो. बाकी सगळा धातू. पण मिजास त्या सहा किलोंची. काजळी जास्त झाली तर उरलेली आत काळे ठिपके धरून बसते आणि टिप अशक्त होते. कमी झाली तर उपाशी राहिलेला टंगस्टन कोबाल्टशी भलताच घरोबा करतो. त्यातून निपजतं ते कडक असतं, पण ठिसूळ. घाव बसला की तडकतं.

शाळेत शिकवतात की कार्बन म्हणजे कार्बन, हिऱ्यातला काय आणि चुलीतला काय. हे वाक्य मला फार आवडायचं. जन्मावरून कोणी उच्च नाही की नीच नाही, हे पत्रकात शोभणारं रसायनशास्त्र होतं. माणसांच्या बाबतीत मी ते मरेपर्यंत म्हणेन. कार्बनच्या बाबतीत मात्र भट्टीने मला माघार घ्यायला लावली. ती विचारतेच, तू आलास कुठून?

लाकडी कोळसा येताना झाडाने जमिनीतून उचललेलं सगळं घेऊन येतो. त्याच्या राखेने कार्बाइडचे कण फुगतात आणि टिपेत बारीक खड्डे पडतात. ग्राफाइट स्वच्छ, पण आळशी. त्याचे पापुद्रे धातूत नीट मिसळत नाहीत. एका कोपऱ्यात उपास, दुसऱ्या कोपऱ्यात पंगत. जुने टायर तापवून काढलेली काजळी गंधक आणते. तेल जाळून धरलेली काजळी, म्हणजे आपल्या दिव्याचीच मोठी बहीण, जाड आणि थोडी तेलकट असते. वायू जाळून केलेली सगळ्यांत बारीक. जितकी बारीक, तितकी ती धातूच्या कणाकणाला भेटते आणि कार्बाइडची वीण तितकी घट्ट होते.

हे सगळं मी एकदा समता कॉलोनीतल्या एका निवृत्त मराठी काकांना समजावलं होतं. ते पिशवीत धानाच्या भुशाचा कोळसा घेऊन आले होते. "छत्तीसगढ म्हणजे धान का कटोरा," ते म्हणाले, "आन् तुम्ही काजळी बाहेरून आणून राहिले? लाज वाटली पाहिजे." मला खरंच लाज वाटली. मी तो कोळसा जाळून पाहिला. निम्म्याच्या आसपास राखच उरली आणि ती राख म्हणजे जवळजवळ वाळू. मी तसं सांगितलं. काकांनी ती पांढरी राख चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

"म्हणजे आपला धान वाळू खाते?"

"हव काका."

"मले वाटे माझ्यातच खोट हाय. दात झिजून राहिले ना!" असं म्हणून ते हसले आणि गेले. पुढच्या महिन्यात नारळाच्या करवंट्या घेऊन आले. अशा माणसांवर माझा जीव आहे.

पण सांगायचं आहे ते मनटोरा दीदीबद्दल.

मनटोरा दीदी आमच्या काजळखोलीत काम करायची. कारखाना सुरू झाला तेव्हापासून काजळी तीच तोलायची. आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. वय पन्नाशीच्या आसपास. संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली की तिचे फक्त डोळे आणि दात दिसत. मी नोकरीला लागल्यावर पहिलं भांडण केलं ते काजळखोलीसाठी चांगले मास्क आणि बायकांच्या न्हाणीघरात गरम पाणी यासाठी. दोन्ही मिळालं. त्या दिवसापासून दीदी मला 'मॅडम' म्हणायची सोडून 'नोनी' म्हणायला लागली. छत्तीसगढीत नोनी म्हणजे मुलगी. दुपारी आम्ही पायरीवर शेजारी बसून जेवायचो. तिचा बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात आणि माझी पोळी-भाजी, अर्धंअर्धं. अंघोळ केली तरी तिच्या पापण्यांच्या मुळाशी काजळी राहायचीच. पाऱ्यातल्या बाया तिला चिडवायच्या की तुला काजळाचा खर्च नाही.

तिची तोलायची एक तऱ्हा होती. पत्र्याच्या सुपडीने काजळी तराजूवर ओतायची. सुपडीच्या दांड्यावर बोटाने टिचकी मारली की शेवटची चिमूट पडायची आणि काटा थांबायचा. मग दीदी म्हणायची, "हव." हव म्हणजे हो. एकदाच तोलायची, एकदाच म्हणायची आणि काजळी मिसळायच्या ढोलात रिकामी करायची. मी सुरुवातीला तिच्यामागे माझ्या तराजूवर पुन्हा तोलून पाहायची. फरक निघत नसे. पुढे मी तोलणं सोडलं. तिचं 'हव' हाच आमचा शिक्का होता.

आता हरेलीबद्दल. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्याची आवस, त्याच दिवशी छत्तीसगढात हरेली. आमच्या घरी आई समया, निरांजनं घासते, तर शेजारी नांगर, कुदळ, विळे धुऊन अंगणात मांडतात, त्यांना गुलाल लावतात, तांदळाच्या पिठाचा चीला दाखवतात, दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात. उरल्यातले कामगार आजूबाजूच्या गावचेच. नांगर गेला तरी हरेली राहिली. आमच्याकडे त्या दिवशी पाने, हातोडे, साचे, सुपड्या सगळं धुतलं जातं. काजळखोली दीदीची. ती फरशी धुवायची, तराजूची पारडी धुवायची आणि ज्यात काजळी काढून ठेवतात ते मोठं पिंप आतून-बाहेरून घासून लख्ख करायची. लहानपणापासून कर्मकांडाविरुद्धची पत्रकं वाचलेली मी त्या दिवशी दारात उभी राहून चीला खायची आणि गप्प बसायची. हत्यारांची पूजा हे मला कधी कर्मकांड वाटलंच नाही. तो पगाराच्या पावतीवर न येणारा आदर होता.

गेल्या वर्षी हरेलीच्या थोडं आधी आमची काजळी बदलली. आधी तेलाची काजळी पत्र्याच्या डब्यांतून यायची. आमचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणतात, त्यांनी वायूची बारीक काजळी मागवली, कागदी पोत्यांतून. हेतू वाईट नव्हता. टिपेची वीण सुधारावी, मोठी गिऱ्हाइकं यावीत. मी नव्या काजळीची राख तपासली, गंधक तपासला. तेलाच्या काजळीपेक्षा स्वच्छ होती. मीही खूश होते.

हरेली झाली. मग काही दिवसांनी गेंदलाल आला.

गेंदलाल पाथरवट. पाटे, जाती, उंबऱ्याचे दगड घडवतो. आमच्या टिपा दुकानातून घेऊन स्वतःच्या छिन्न्यांना बसवतो. तो फाटकापाशी उकिडवा बसला आणि त्याने धोतराच्या सोग्यात बांधलेली छिन्नी सोडली. टोक अर्धं उडालेलं. त्याच्या डोळ्याखाली गालावर जखम होती, नुकती खपली धरलेली.

"पथरा तो नई फूटिस," तो शांतपणे म्हणाला. "तुंहर लोहा फूट गे."

दगड फुटला नाही, तुमचं लोखंड फुटलं. त्याला हसू येत होतं, मला नाही. तो तुकडा बोटभर वर लागता तर डोळा गेला असता. मी त्याला आत नेलं, जखम धुतली, चहा दिला. तो उडालेला तुकडासुद्धा त्याने जपून आणला होता. "तुंहर जिनिस आय," म्हणाला. तुमची वस्तू.

तुकडा घासून, आम्लात बुडवून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाकळ्या-पाकळ्यांचे डाग दिसले, रांगोळीत काढावे तसे. फार सुंदर दिसतात. त्यांचा अर्थ असा की काजळी कमी पडली. त्या घाण्यातल्या शिल्लक टिपा काढल्या, त्यांतही तीच फुलं. वाईट म्हणजे पाठवताना आम्ही त्यांचा कडकपणा मोजला होता आणि तो नेहमीपेक्षा सरस भरला होता. आम्ही खूश होऊन माल पाठवला होता.

भैयाजींनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडणारे नाहीत. ते सुस्कारा टाकतात, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

"मॅडम, कार्बन कम पडा, मतलब कम तौला गया. सीधी बात है."

"दीदी कम नहीं तौलती."

"उमर हो गई है उनकी. आँखें कमजोर होती हैं. मैं निकाल थोडी रहा हूँ? सोमवार से पॅकिंग में बैठें, आराम से."

मी त्यांच्याशी भांडले. पण माझ्या हातात पुरावा नव्हता, आवाज होता. आवाजाने ते फक्त सुस्कारा टाकतात.

दुपारी पायरीवर दीदीने बासीचा डबा उघडलाच नाही. स्वतःचे तळहात मांडीवर उताणे ठेवून ती त्यांच्याकडे बघत होती.

"नोनी, मोर हाथ बिगड गे हे का?" माझा हात बिघडलाय का?

"नाही गं दीदी."

"मैं तो ओतकेच तौले रहेंव, जतका रोज तौलथौं." रोज तोलते तेवढंच तोललं. "पेकिंग म जाहूं त पारा भर कइही, मनटोरा के हाथ चल दिस. नई जावंव. घर बइठहूं."

पॅकिंगला गेली तर सगळा पारा म्हणेल, मनटोराचा हात गेला. त्यापेक्षा घरी बसेन. हे ती रडून म्हणाली असती तर मी धीर दिला असता. ती हिशेब सांगावा तशी म्हणाली.

त्या दुपारी मी तिला तोलताना पाहिलं. काजळी ओतली, टिचकी मारली, काटा थांबला. ती 'हव' म्हणाली नाही. पारडं रिकामं करून पुन्हा तोललं. मग पुन्हा. मग दाराकडे वळून माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणते का ते बघायला.

ती नजर घेऊन मी घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले. फार जोरदार लिहिलं. 'जिच्या हातांवर कारखाना उभा राहिला त्या हातांवर संशय! भांडवलाच्या चुकीची शिक्षा श्रमाला!' बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"छान हाय. म्हंजे चूक भांडवलाची हाय?"

"मग कोणाची?"

"मले काय माहीत? तुले माहीत हाय का?"

मी पेनाचं टोपण उघडून पुन्हा लावलं.

"काहून इतकी तापून राहिली?" ते म्हणाले. "आम्ही एका पत्रकात लिवलं का मशिनीले जाळी नाही. मालकानं जाळी दाखवली. मागच्या बाजूनं होती. बाकी समदं खरं होतं, पन मंग कोनी वाचलंच नाही. हाशे लोक. तू पहिले खरं काय ते पाहून घे. पत्रक कुठं पळून जाते?"

"सोमवारपर्यंत तिचं काम जाते ना बाबा."

"मंग हे लिवत काहून बसली?" त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "तुया त्या टिपेसारखीच हायेस पोट्टी. कडक हायेस. पन आपटली का तुटते."

आई आतून म्हणाली, "लेकीले जेवू तं द्या." दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले.

नवं कागदी पोतं फोडलं, त्यातली काजळी तोलली, भट्टीत हलकी तापवून वाळवली, पुन्हा तोलली. फारसा फरक नाही. कोपऱ्यात तेलाच्या काजळीचा एक गंजका डबा पडून होता. तिचंही तेच केलं. काहीच फरक नाही. मग पिंपात वाकून पाहिलं. तळाशी त्या घाण्यातली काजळी उरली होती, लाडवासारखी घट्ट बसलेली. काजळी कधी लाडू होत नाही. ती धुरासारखी पळते. मी तो लाडू फोडून तोलला, वाळवला, पुन्हा तोलला. तो चांगलाच हलका झाला होता.

पाणी. काजळीत पाणी होतं. दीदीने तोललं ते बरोबरच तोललं, पण पारड्यात काजळीबरोबर पाणीही बसलं होतं. भट्टीत पाणी उडून गेलं, आणि जाता जाता थोडी काजळी जाळूनही गेलं. टंगस्टन उपाशी राहिला.

मी नाचायचीच बाकी होते. दीदी आल्या आल्या तिला विचारलं, त्या घाण्याच्या आधी पिंपात काय झालं होतं? ती जरा अभिमानानेच म्हणाली, हरेली होती ना. मी स्वतः घासलं. असं चमकत होतं की तोंड दिसावं. आणि मग लगेच नवी काजळी भरून ठेवली, सकाळच्या घाण्याला उशीर नको म्हणून.

माझा आनंद जागच्या जागी बसला.

घरी आई दिवे धुतल्यावर पुसून, चुलीजवळ उपडे घालून वाळवते, नाहीतर वात तडतडते. कमरेएवढं जड पिंप कोण उपडं घालणार? आणि त्या दिवसांत रायपुरात ऊन तरी कुठे असतं? धुतलेली फरशी, ओलं पिंप, दमट हवा. दर वर्षी असंच होत होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं. कारण तेलाची काजळी अंगाला तेल लावून बसल्यासारखी असते, पाणी तिला शिवत नाही. वायूची काजळी बारीक. तिच्या एका चिमटीचं अंग पसरलं तर अंगणभर होईल, आणि त्या सगळ्या अंगाने ती पाणी पिते. काजळी बदलली, हे पोत्यावरून सगळ्यांना दिसलं. तिची तहान कोणाला दिसली नाही.

मला सत्य सापडलं होतं. त्यात दीदीचा हात निर्दोष होता, आणि दीदीची हरेली अपराधी. भैयाजी काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. हे सांगायचं की नाही, यावर मी तेवढ्यात अनेक भाषणं स्वतःला दिली. शेवटी ठरवलं, भैयाजींच्या आधी दीदीला सांगायचं. जिच्याबद्दलचं सत्य आहे तिला ते शेवटी कळावं, हा अन्याय मी खूप ठिकाणी पाहिलाय.

पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, लाडू दाखवला. तिने तो बोटाने चुरडला. चुरा तळहातावर पसरून पाहिला. मला वाटलं, मी तिचा सण मोडला.

"त मोर हाथ नई बिगडे हे?"

"नाही दीदी. हात एकदम बरोबर आहे. पाण्याने केलं."

तिने डोळ्यांना पदर लावला. पदर काळा झाला, गालही. आणि ती हसायला लागली. "पानी के बात आय? त पानी ला समझाबो!" पाण्याची गोष्ट ना? मग पाण्याला समजावू.

आम्ही दोघी मिळून भैयाजींकडे जायचं ठरवलं. त्याआधी दोन बश्यांत दोन काजळ्या सारख्या तोलून ठेवल्या, ओलं फडकं शेजारी, वरून मोठं पातेलं उपडं घातलं. सकाळी त्यांच्यासमोर पातेलं काढून तोललं. तेलाची काजळी होती तेवढीच होती. वायूच्या काजळीने काटा ढकलला. भैयाजींनी स्वतः तोलून पाहिलं. मग फडकं उचलून पाहिलं, जणू त्यात काही लपवलंय. मी त्यांना हरेलीला धुतलेल्या पिंपाचं सांगितलं.

"यानी हरेली का पानी."

"पानी हरेली का, प्यास आपकी काजल की," मी म्हणाले. वाक्य मला आवडलं होतं, पण त्यांना नाही.

त्यांनी सुस्कारा टाकला. "तो काजलवाले कमरे में हरेली बंद. खतम."

मी तोंड उघडलं, पण दीदी माझ्याआधी बोलली. तिचा आवाज चढला नाही.

"भैयाजी, घर म नवा बहू आथे त सास ला बताथें, ये का खाथे, का नई खाय. तुमन काजर बदलेव, हमला काबर नई बतायेव?"

घरात नवी सून आली की सासूला सांगतात, ही काय खाते, काय खात नाही. तुम्ही काजळी बदलली, आम्हाला का नाही सांगितलं?

भैयाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नव्या काजळीच्या तहानेबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. खोलीत तो एक प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. शेवटी ते म्हणाले, "ठीक है दीदी. आप ही बताइए, कैसे करना है."

सोमवारी दीदी पॅकिंगला गेली नाही.

दीदीने आणि मी बसून रीत ठरवली. भट्टीच्या पाठीमागची भिंत कायम गरम असते. तिथे पत्र्याचे पसरट ट्रे लावले. काजळी आधी तिथे वाळते, मग तोलली जाते. पोतं फोडलं की तोंड बांधायचं. नव्या काजळीने पुढे खरंच चांगल्या टिपा दिल्या, हे मला कबूल केलं पाहिजे. भैयाजींची खरेदी चुकली नव्हती, त्यांचं गप्प राहणं चुकलं होतं. गेंदलालला नव्या घाण्यातल्या टिपा दिल्या. दुकानातून बराच माल परत मागवला. सगळा आला नाही. त्या फुलांच्या काही टिपा अजून कुठे कुठे कोणाच्या छिन्नीला असतील. रस्त्याच्या कडेला कोणी पाट्याला टाकी लावताना दिसला की मी थांबते आणि डोळे सांभाळ म्हणते. तो माझ्याकडे वेड्यासारखं पाहतो.

एक गोष्ट मात्र रीत ठरवून जागेवर आली नाही. दीदी पुन्हा पुन्हा तोलायची. कारण कळलं, दोष गेला, तरी हाताला बसलेला घाव भरायला वेळ लागतो. तोलायची, रिकामं करायची, परत तोलायची आणि दाराकडे पाहायची. मी मान डोलवायची. ती 'हव' म्हणत नव्हती. मीही 'म्हण' असं म्हणाले नाही. काही गोष्टींची मागणी करता येत नाही, हे पत्रकांनी मला शिकवलेलं नव्हतं.

यंदाच्या हरेलीआधी मी एक कागद लिहून काजळखोलीच्या दारावर लावला: 'हरेली में इस कमरे में पानी नहीं लाना है. पीपा सूखे कपडे से पोंछें. पूजा सूखे चावल से करें.' खाली दीदीचं नाव आणि माझं. घरी मसुदा बाबांना दाखवला होता. त्यांनी कागद उलटूनही पाहिला.

"एकही उद्गारचिन्ह नाही?"

"नाही."

"पोट्टी म्हातारी झाली," ते आईला म्हणाले, आणि त्यांनी कागद माझ्याकडून मागून घेऊन स्वतःच्या अक्षरात पुन्हा सुंदर लिहून दिला. दारावर आहे तो त्यांच्या हातचा.

हरेलीला बाहेर नळाखाली पाने-हातोडे धुवायची झुंबड होती. काजळखोलीत कोरडं होतं. दीदीने पिंप कोरड्या फडक्याने पुसलं, पुसून पुसून चकाकवलं. दाराला कडुनिंबाची डहाळी खोचली. तराजूसमोर कोरडे तांदूळ वाहिले. गुलालाची चिमूट घेतली, थोडी थबकली, तराजूला न लावता माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "तराजू ला कुछु नई लगाना. वजन बढ जाही." तराजूला काही लावायचं नाही. वजन वाढेल.

दुसऱ्या दिवशीचा पहिला घाणा. ट्रेमधली वाळलेली, गरम काजळी तिने सुपडीत घेतली. मी सवयीने दारात उभी राहिले, मान डोलवायला तयार. तिने ओतलं. दांड्यावर टिचकी मारली. शेवटची चिमूट पडली, काटा थांबला.

दाराकडे न पाहताच ती म्हणाली, "हव."

आणि काजळी ढोलात रिकामी केली.